कम्युनिस्ट राजवटीतली कॅथलिक नियतकालिके आणि धर्मशिक्षण : अभ्यासवर्तुळात विषय कसा मांडावा

जळगाव, धुळे किंवा भुसावळच्या एखाद्या वाचनालयात हा विषय घेतला की पहिल्या दहा मिनिटांतच सभेत दोन तट पडतात. एका तटाच्या मते तिकडे धर्मावर सरसकट बंदी होती. दुसऱ्याच्या मते हा सगळाच पाश्चात्त्यांचा प्रचार आहे. धुळ्यात तर अधिकच जपून बोलावे लागते. १९७८ साली सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढणाऱ्या शरद पाटलांचा वावर याच भागात होता, त्यामुळे मार्क्स मुळातून वाचलेला एखादा तरी श्रोता समोर असतोच आणि ढोबळ विधान कानी पडताच तो उठून उभा राहतो. म्हणून टिपणे काढताना ‘कम्युनिस्ट देशांत’ हे शब्द खोडून टाकावेत आणि प्रत्येक विधानाला देश, साल आणि शक्य तेथे कायदा जोडावा.

सुरुवात कायद्याने न करता हातातल्या कागदाने करावी. १९०३ साली सुरू झालेल्या ‘निरोप्या’ या मराठी कॅथलिक मासिकाचा अंक मिळाला तर उत्तम, नाहीतर त्या दिवसाचे कोणतेही वर्तमानपत्र चालेल. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असलेली बारीक टाइपातली ओळ एका श्रोत्याला मोठ्याने वाचायला सांगावी. आपल्याकडे एकदा नोंदणी झाली की एरवी अंकातला मजकूर छापण्याआधी कोणाला दाखवावा लागत नाही, हे त्या ओळीवरून समजावून द्यावे आणि मगच पोलंडकडे वळावे.

पोलंडला भरपूर वेळ द्यावा, कारण नियंत्रण प्रत्यक्षात कसे चालते ते तिथे स्वच्छ दिसते. क्राकूव शहरातले ‘तिगोद्निक पोवशेख्ने’ हे कॅथलिक साप्ताहिक १९४५ मध्ये निघाले. त्याचा मजकूर छपाईपूर्वी सरकारी सेन्सॉरकडे जात असे आणि कागदाचा कोटाही सरकारच ठरवत असल्यामुळे प्रती किती निघणार हे वाचकांच्या मागणीवर अवलंबून नव्हते. १९५३ मध्ये स्टालिनवर मृत्युलेख छापायला संपादकांनी नकार दिला, तेव्हा साप्ताहिक त्यांच्या हातून काढून घेण्यात आले. काही महिन्यांतच ते त्याच नावाने, पण ‘पाक्स’ या सरकारधार्जिण्या कॅथलिक गटाच्या ताब्यात पुन्हा निघू लागले आणि १९५६ पर्यंत तसेच चालले. इथे क्षणभर थांबून श्रोत्यांना विचारावे की बंद पडलेला अंक वाचकाला अधिक फसवतो की नाव कायम ठेवून मालक बदललेला. (माझ्या अनुभवात सभेतली खरी चर्चा इथूनच सुरू होते.) पुढे १९८१ च्या कायद्याने गाळलेल्या मजकुराच्या जागी कंस आणि कलमाचा उल्लेख छापण्याची मुभा मिळाली, म्हणजे निदान भोक कुठे पडले आहे ते तरी वाचकाला दिसू लागले.

धर्मशिक्षण हा भाग वेगळा ठेवावा आणि त्यात दोनच प्रश्न धरावेत : वर्ग कुठे भरतो आणि मुलाचे वय काय. पोलंडमध्ये १९६१ साली धर्माचा विषय शाळेतून काढला गेला आणि शिकवणी धर्मग्रामाच्या (म्हणजे स्थानिक चर्चच्या) खोल्यांत गेली. तो शाळेत परतला १९९० मध्ये. सोव्हिएत संघाच्या १९२९ च्या कायद्याने मात्र मुलांसाठी वेगळी प्रार्थनासभा भरवायलाही मनाई केली होती. चीनमध्ये १ मार्च २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार इंटरनेटवर धार्मिक मजकूर देण्यासाठी परवाना लागतो, मिस्सेचे (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचे) थेट प्रक्षेपण करता येत नाही आणि अल्पवयीनांना इंटरनेटवरून धर्माकडे वळवण्यास मनाई आहे.

यानंतर एक छोटे प्रात्यक्षिक करावे. चार-पाच कागदांमध्ये कार्बन घालून वरच्या कागदावर दोन ओळी दाबून लिहाव्यात आणि सर्वांत खालची प्रत मागच्या रांगेत वाचायला द्यावी. अक्षर पुसट आलेले असते. तेव्हा सोव्हिएत संघात असलेल्या लिथुआनियात कॅथलिकांवरील कारवायांची बातमीपत्रे १९७२ पासून अशीच गुप्तपणे टंकलिखित होऊन हातोहात फिरत. निओले सादूनाइते या स्त्रीला ऑगस्ट १९७४ मध्ये अटक झाली तेव्हा ती अकरावा अंक टाइप करत होती, आणि त्याबद्दल तिला तीन वर्षे श्रमछावणी व त्यापुढे तीन वर्षे हद्दपारी भोगावी लागली. अमळनेरला साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहून काढत, हे उदाहरण इथे हमखास कोणीतरी देते. ते हातमेहनतीपुरतेच घ्यावे. गुरुजींचे दैनिक लपवावे लागत नव्हते.

केरळचा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर तयार ठेवावे. तिथल्या १९५७ च्या नंबुद्रीपादांच्या कम्युनिस्ट सरकारने शिक्षण विधेयक आणून खासगी शाळांतील शिक्षकांच्या नेमणुकांत व पगारात हात घातला. कॅथलिक चर्च आणि नायर संघटना रस्त्यावर उतरल्या आणि ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले. १८८७ पासूनचे ‘दीपिका’ हे कॅथलिक वृत्तपत्र आजही निघते आहे. कोणी केरळ काढलाच नाही, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत आपणच काढावा आणि फळ्यावर पोलंडच्या शेजारी १९५७ लिहून, छपाईपूर्वी मजकूर कोण पाहत होते हा एकच प्रश्न दोन्ही रकान्यांना विचारावा.