कर्नलमधल्या रेस शोधताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) पॅचसोबत "रात्रभर टेस्ट चालवली, काहीच आलं नाही" एवढाच पुरावा आला, तर पॅच परत पाठवा. रेस म्हणजे दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) एकाच डेटाला हात घालतात आणि निकाल कोण आधी पोचतं यावर ठरतो. तिला लागणारी फट अनेकदा काही नॅनोसेकंदांचीच असते. टेस्ट तिच्या आजूबाजूनं रात्रभर फिरू शकते.

'डर्टी काउ' हा लिनक्समधला गाजलेला दोष बघा. मेमरीत खासगी मॅप केलेल्या, फक्त वाचायच्या फाइलीच्या पानावर कर्नलमार्फत लिहायचं असलं, की कॉपी-ऑन-राइटनं (लिहिताना प्रत काढायच्या पद्धतीनं) त्या पानाची वेगळी प्रत होते. मग कर्नल लिहिण्याची अट काढून तेच पान पुन्हा शोधत असे. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडनं एमॲडव्हाइज (हे पान आता नको, असं कर्नलला सांगणारी हाक) करून ती प्रत टाकून दिली, की कर्नलच्या हाती मूळ फाइलीचं पान लागायचं आणि लिखाण थेट तिथं व्हायचं. दुरुस्ती ऑक्टोबर २०१६ मध्ये झाली. तिच्या कमिटमध्ये (बदलाच्या नोंदीत) लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीच नोंदवलंय, की त्याच्या ११ वर्षं आधी हा दोष काढायचा प्रयत्न झाला होता, पण एस३९० (आयबीएम मेनफ्रेम) वरच्या अडचणीमुळे तो मागे घेतला गेला. तेव्हा निव्वळ कागदावरची वाटणारी ही रेस मेमरी व्यवस्थापन जास्त स्केलेबल झाल्यावर घडवणं सोपं झालं. त्या दुरुस्तीतही ह्यूज पेजच्या (मोठ्या आकाराच्या मेमरी पानांच्या) वाटेवर भोक राहिलं, ते २०१७ मध्ये सापडलं.

म्हणून नशिबाची वाट बघू नका. तपासणी आणि वापर यांच्या मधोमध, फक्त डीबग बिल्डमध्ये, यूडिले (मायक्रोसेकंदांचा थांबा) घाला आणि फट मुद्दाम रुंद करा. खऱ्या कोडमध्ये एमस्लीप (मिलिसेकंदांची झोप) घालून "रेस गेली" म्हणणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

दुसरी लाडकी चूक म्हणजे फक्त एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर तपासणं. एक थ्रेड आधी डेटा लिहितो, मग फ्लॅग १ करतो. दुसरा आधी फ्लॅग वाचतो, मग डेटा. एक्स८६ चं हार्डवेअर हा क्रम मोडत नाही, पण आर्म६४ (६४-बिट आर्म प्रोसेसर) मोडू शकतं. मग फ्लॅग १ दिसतो आणि डेटा जुनाच. कर्नल सोर्समधल्या मेमरी-मॉडेलच्या फोल्डरात याच्या तयार लिटमस टेस्ट (क्रम तपासणारे छोटे नमुना प्रोग्राम) आहेत. नुसतं रीड-वन्स, राइट-वन्स (कंपायलरला एकदाच वाचायला-लिहायला लावणारे मॅक्रो) असेल तर त्या टेस्ट तपासणारा हर्ड७ 'समटाइम्स' (कधीकधी घडतं) सांगतो. लिहिताना स्टोअर-रिलीज आणि वाचताना लोड-ॲक्वायर (क्रम राखणारी जोडी) लावलं, की 'नेव्हर' (कधीच नाही). बॅरियर (मेमरीतल्या कामांचा क्रम राखणारी सूचना) घालण्याआधी प्रश्न दोन-तीन थ्रेडच्या लिटमसमध्ये उतरवा. त्याहून मोठा केला तर हर्ड७ चालतच बसतो. प्रत्येक बॅरियरच्या डोक्यावर त्याचा जोडीदार कुठे आहे ते लिहा. एकाच बाजूला एसएमपी-एमबी (पूर्ण बॅरियर) ठोकून सुटका होत नाही, हे नवख्यांना का पटत नाही कोण जाणे. आणि केलिटमस७ नं (लिटमस टेस्ट खऱ्या कर्नलमध्ये चालवणाऱ्या साधनानं) खऱ्या यंत्रावर शून्य वेळा दाखवलं, तर ते 'नेव्हर' नव्हे.

केसीसॅन हे डेटा-रेस शोधणारं साधन लिनक्स ५.८ पासून कर्नलमध्ये आहे, पण ते नमुने घेतं: डीफॉल्टनं साधारण ४००० ॲक्सेस सोडून एकावर पहारा. त्यामुळे बूट करून लगेच बंद केलंत तर हाती काही लागणार नाही. शिवाय प्रोसेसरच्या शब्दाएवढं (वर्ड) साधं, अलाइन केलेलं लिखाण ते अणुवत (मधे न तुटणारं) मानून चालतं. स्ट्रिक्ट पर्याय चालू करा. केसॅन या मेमरीच्या चुका शोधणाऱ्या साधनासोबत केसीसॅन चालत नाही, बिल्ड वेगळा ठेवा. रिपोर्ट आला की दोन्हीकडे रीड-वन्स, राइट-वन्स गुंडाळणं हा सगळ्यात वाईट शॉर्टकट. तक्रार गप्प होते, तर्कातली चूक तशीच राहते.

लॉकडेप (लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारं साधन) पहिल्या तक्रारीनंतर स्वतःला बंद करतं. बूटच्या वेळी भलत्याच ड्रायव्हरची तक्रार आली आणि तुम्ही ती सोडून दिली, तर पुढची अख्खी टेस्ट लॉकडेपविना झाली. आधी ती दुरुस्त करा, रीबूट करा, मग टेस्ट.

प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये संदेश छापणारी हाक) घातल्यावर बग गायब झाला? तो गेला नाही, वेळ बदलली.

आणि "सिद्ध केलेलं कर्नल" म्हणून एसईएल४ या गणिती सिद्धता असलेल्या छोट्या कर्नलचं नाव घेण्याआधी सिद्धता कोणत्या कॉन्फिगरेशनची ते बघा. २००९ ची सिद्धता एका कोअरची होती. मल्टिकोअर बिल्ड एका मोठ्या लॉकवर चालतो, ती सिद्धता त्याला लागू नाही.