काळ्या मातीसाठी पॉवर विडर: एचपी किती, कंपनी कोणती

पॉवर विडर, म्हणजे तासांतलं तण काढायचं फिरत्या पात्यांचं इंजिनवालं मशीन, घ्यायला दुकानात पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, ‘भाऊ, किती एचपीचा दाखवू?’ याचं उत्तर लगेच देऊ नका. आधी आपल्या वावरातल्या तासांचं अंतर टेपाने मोजा, पातं किती खोल घालायचं ते ठरवा, आणि मग एचपीकडे या. काटोल-नरखेडच्या संत्राबागेत जे मशीन लोण्यासारखं चालतं, तेच सावनेरच्या कपाशीत झाडं मोडत जातं. त्यात मशीनचा दोष नसतो, रुंदी चुकलेली असते.

कपाशी ९० सेंटिमीटरवर लावली असेल तर दोन्ही अंगांना निदान १५-१५ सेंटिमीटर मोकळे सोडावे लागतात. उरले ६०, म्हणजे दोन फूट. पात्यांची रुंदी याच्या वर नको. झाडं पसरू लागली की दोन्ही बाजूंचा बाहेरचा पात्यांचा संच काढून रुंदी ४५ वर आणायची. त्यामुळे घेतानाच बघा की पाती नट-बोल्टवर की पिनवर सुटी होतात. काही मशीनमध्ये ती शाफ्टला वेल्ड केलेली असतात, आणि अशा मशीनचा कपाशीत पहिल्या महिन्यानंतर उपयोग नाही. सोयाबीन ४५ सेंटिमीटरवर असेल तर विडरचा विचारच सोडा, तिथे बैलांचा डवराच बरा.

संत्र्याचं गणित वेगळं आहे. ६ मीटर बाय ६ मीटरच्या बागेत मधला पट्टा ऐसपैस असतो, पण जंबेरी लिंबाच्या खुंटावर कलम केलेल्या झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर थरातच असतात. फांद्यांच्या घेराखाली विडर चार-पाच इंच घातला की ती मुळं तुटतात, आणि जखमेतून पावसाळ्यात फायटोफ्थोराची बुरशी शिरते. पुढे मूळकूज आणि डिंक्या दिसतो तेव्हा दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो. म्हणून विडर फक्त मधल्या पट्ट्यात, तोही दोन इंच. घेराखाली ब्रश कटर (दांड्याच्या टोकाला फिरत्या दोरीने किंवा पात्याने गवत कापणारं मशीन) खोडापासून फूटभर लांब ठेवून चालवा, आणि उरलेलं तण हाताने काढा. ब्रश कटरच्या दोरीने साल सोलली गेली तर तीही बुरशीला उघडी वाटच आहे.

आता एचपी. स्टिकरवरचा आकडा बाजूला ठेवा आणि इंजिनावरची पट्टी वाचा. तिच्यावर १७०एफ असं काही कोरलेलं असतं. यातला पहिला १ म्हणजे एक सिलिंडर आणि ७० म्हणजे सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर. माहितीपुस्तिकेत स्ट्रोक, म्हणजे पिस्टन सरकतो ते अंतर, सापडतो, या इंजिनाचा ५५ मिलिमीटर. सेंटिमीटरमध्ये करा: ७ गुणिले ७ गुणिले ०.७८५, आले ३८.५. त्याला ५.५ ने गुणलं की साधारण २१२ सीसी, म्हणजे घन सेंटिमीटर. दुकानदाराने सांगितलेले सीसी आणि हे गणित जुळलं नाही तर विचारायची वेळ झाली.

चांगल्या चार स्ट्रोक पेट्रोल इंजिनात मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर साधारण ३५ सीसीमागे १ नेट एचपी (सायलेन्सर, एअर फिल्टर लावून मोजलेला) मिळतो. होंडाचं जीएक्स १६० हे १६३ सीसीचं इंजिन, नेट ४.८ एचपी. जीएक्स २०० म्हणजे १९६ सीसी, नेट ५.५. त्या हिशेबाने २१२ सीसीवर ‘७ एचपी’ लिहिलेलं असेल तर हातात ६ च्या आसपास येतात. हे सगळं खोटंच असतं असं नाही. जुन्या पद्धतीत सायलेन्सर, एअर फिल्टर न लावता मोजलेला आकडा छापायचे, आणि होंडाचं हेच १६३ सीसीचं इंजिन पूर्वी ५.५ एचपीचं म्हणून विकलं जायचं. अमेरिकेत गवत कापायच्या मशीनवरच्या अशा आकड्यांवरून ग्राहकांनी कोर्टात दावे लावले आणि २०१० साली तडजोड झाली. आज तिकडे गवताच्या आणि बर्फ उडवायच्या मशीनवर बहुधा सीसी किंवा टॉर्क छापलेला दिसतो, एचपी नाही. आपल्याकडे स्टिकर अजून एचपीचंच बोलतं, म्हणून भागाकार आपणच करायचा. हवेने थंड होणाऱ्या डिझेल इंजिनाला ३५ ऐवजी ५० ते ५५ ने भागा. २९६ सीसीचं १७८एफ साडेपाचच्या आसपास, ४०६ सीसीचं १८६एफ आठच्या आसपास.

यातूनही थोडी वजावट आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून ३१० मीटरवर, तिथे साडेतीन टक्के गेले. तापमान वाढलं की दर साडेपाच अंशांना साधारण १ टक्का ताकद कमी होते. मे महिन्यात ४५ अंशांत वखरणीचं काम विडरकडून करून घ्यायचं म्हटलं तर एकूण सहा-सात टक्के कमी धरा.

वापशावरच्या (ना चिखल, ना कडक) भारी काळ्या मातीत ३ ते ४ इंच खोल जायचं असेल तर रुंदीच्या दर फुटाला २ ते अडीच नेट एचपी हा आमचा हिशेब आहे. दोन फुटांना ४ ते ५ लागतात, म्हणजे २०० सीसीच्या आसपासचं पेट्रोल इंजिन पुरतं आणि १६३ सीसीचं काठावर येतं. तीन फुटांना साडेसातपर्यंत जावं लागतं, तिथे ४०० सीसीचं डिझेल घ्या. हलक्या मुरमाड जमिनीत फुटाला दीड एचपीतही भागतं. पण उगाच मोठं इंजिन घेऊ नका. १९६ सीसीचं पेट्रोल इंजिन १६ किलोचं, २९६ सीसीचं डिझेल ३३ किलोच्या घरात. ते जास्तीचं वजन प्रत्येक तासाच्या टोकाला, धुऱ्यावर मशीन वळवताना दंडावर येतं.

आणि वापसा नसेल तर कोणतंही इंजिन हरतं. चार इंच खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा फुटून भुगा झाला तर चालवा. चपटा होऊन तसाच पडला तर दोन दिवस थांबा. ओल्या मातीत पात्यांवर लगदा चढतो, पातं कापायचं सोडून लाटण्यासारखं फिरतं आणि खाली चोपलेला थर तयार होतो. लोक म्हणतात मशीनला ताकद नाही. ताकद असते, ती चिखल फिरवण्यात जाते.

कंपन्यांची तुलना करताना इंजिन आणि गिअरबॉक्स वेगवेगळे धरा. होंडा स्वतःचं इंजिन बनवते आणि नेट आकडे छापते, पण ‘होंडा इंजिन’ एवढंच सांगून विकलेल्या मशीनची चौकट आणि गिअरबॉक्स दुसऱ्याच कोणाचे असू शकतात. बीसीएस मूळ इटलीची. बंगळुरूची व्हीएसटी, पुण्याची किर्लोस्कर आणि केरळ सरकारची कामको यांचा हातखंडा पॉवर टिलरमध्ये. १२-१३ एचपीचा, पाण्याने थंड होणारा, चारशे किलोच्या घरातला टिलर नवीन बाग लावण्याआधीच्या मशागतीला उत्तम, कपाशीच्या तासात नाही. श्टील आणि हुस्कवार्ना ही नावं ब्रश कटरसाठी आधी बघा. याशिवाय बाजारात दहा नावांनी जी मशीन दिसतात त्यांतल्या बऱ्याच जणींत १६८एफ किंवा १७०एफ हेच इंजिन असतं. त्यात वाईट काही नाही, त्यांचे प्लग, गॅस्केट, रिकॉइल स्टार्टर (दोरी ओढून चालू करायचा भाग) एकमेकांना बहुतेक चालतात. अडतं ते गिअरबॉक्सपाशी. तो ज्याचा त्याचा वेगळा.

म्हणून दुकानात उभं राहून या मशीनच्या गिअरबॉक्सचं ऑइल सील, क्लच केबल आणि पात्यांचा संच काउंटरवर काढून दाखवायला सांगा. ‘मागवून देऊ’ हे उत्तर इथे नापास. पावसाळ्यात दोन सरींच्या मध्ये वापशाचे सात-आठ दिवस मिळतात, पार्ट पंधरा दिवसांनी आला तर तोवर केना हे तण गुडघ्याला लागलेलं असतं. पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारं की पूर्ण गिअरवर, हेही विचारा. पट्टा स्वस्त, बदलायला सोपा आणि दगड आला तर घसरून गिअर वाचवतो. पण भारी मातीत ताणाखाली तो सतत घसरतो, तापतो, चकाकतो. काळ्या जमिनीत रोज चालवायचं असेल तर गिअरचंच घ्या.

नागपूरला अॅग्रोव्हिजन हे कृषी प्रदर्शन भरतं तेव्हा बहुतेक कंपन्या एका मैदानात सापडतात. तिथे वजन, रुंदी आणि इंजिनावरची पट्टी बघून घ्या, सौदा मात्र डेमोनंतर. डेमो आपल्याच वावरात मागा. टाकी काठोकाठ भरा, अर्धा तास सलग चालवा, मग मापाच्या बाटलीने पुन्हा काठापर्यंत भरा. २०० सीसीचं पेट्रोल इंजिन पूर्ण भारावर तासाला १.७ लिटरच्या आसपास पितं. अर्ध्या तासात सव्वा लिटर गेलं तर कार्बुरेटर बिघडलेला असू शकतो. खोली मशीनमागच्या मोकळ्या मातीवर मोजू नका, ती फुगलेली असते. माती हाताने बाजूला सारून न खणलेल्या काठापासून पट्टी लावा. शेवटी गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. तीन ओढीत लागलं पाहिजे.

अनुदान घ्यायचं असेल तर राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज केल्यावर पूर्वसंमतीचं पत्र हातात येईपर्यंत बिल फाडू नका, नाहीतर अनुदान गेलं. त्यासाठी मशीनचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय संस्थेत अशा यंत्रांची तपासणी होते. कागदपत्रांत जोडण्याआधी तो रिपोर्ट वाचा. कंपनीने सांगितलेली ताकद आणि चाचणीत निघालेली ताकद शेजारी-शेजारी दिलेली असते. कोणत्याही जाहिरातीपेक्षा ते एक पान जास्त कामाचं.

नवीन मशीन बहुधा ऑइलशिवाय येतं. जीएक्स २०० वर्गाच्या इंजिनात ०.६ लिटर बसतं, मशीन सपाट उभं ठेवून भरा. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, त्यात धातूचा बारीक कीस येतो. पुढे पुस्तिकेत १०० तास लिहिलेलं असलं तरी आपल्या धुळीत ५० धरा. एअर फिल्टर ऑइल-बाथचा असेल तर वाटीत खुणेपर्यंतच ऑइल घाला. जास्त झालं तर ते इंजिनात ओढलं जातं आणि निळा धूर येतो. मशीन कार्बुरेटरच्या बाजूने आडवं पाडलं तरी हेच होतं. सिलिंडरभोवतीच्या थंड करणाऱ्या पत्र्यांत (फिनमध्ये) अडकलेलं गवत आणि माती दर आठवड्याला ब्रशने काढा, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला दुसरा श्वास नाही.

मशीन पुढे उड्या मारतं आणि कापत नाही अशी तक्रार आली की आधी पात्यांची दिशा बघा. धारेची बाजू फिरण्याच्या दिशेने हवी. उलटी बसवली तर पातं मातीवर आपटतं. दिशा बरोबर असेल तर मागचा खोलीचा दांडा एक भोक खाली घ्या. हराळी किंवा केना शाफ्टला गुंडाळला तर इंजिन बंद करून प्लगची टोपी काढल्यावरच विळा लावा. ऑइल सीलपाशी अडकलेला तंतू तसाच राहिला तर तो सील कापतो, गिअरबॉक्सचं ऑइल गळतं, आणि ते कळतं तेव्हा गिअर गेलेला असतो.

दोन स्ट्रोक ब्रश कटरला ५०:१ चं मिश्रण असेल तर लिटरला २० मिलिलिटर ऑइल, २५:१ असेल तर ४०. अंदाजाने ओतू नका, कमी पडलं तर पिस्टन धरतो. ३५ सीसीच्या चार स्ट्रोक कटरला मिश्रण लागत नाही, त्यात १०० मिलिलिटर वेगळं ऑइल असतं.

हंगाम संपला की टाकी रिकामी करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बुरेटरही कोरडा होतो. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते ओल शोषतं. महिनाभर पडून राहिलं तर कार्बुरेटरच्या जेटमध्ये चिकट थर बसतो आणि पुढच्या जूनमध्ये पहिल्याच दिवशी दोरी ओढून हात दुखतात. आपल्या इंजिनाला हे पेट्रोल चालतं का, ते घेतानाच लेखी विचारून ठेवा.