हार्डवेअर सिंथ की सॉफ्टवेअर: पैसे कुठे घालायचे?

मिनीमूग मॉडेल डी हा सिंथ, म्हणजे विजेवर सूर घडवणारा सिंथेसायझर, 1970 साली आला. तीन ऑसिलेटर (मूळ ध्वनी काढणारे भाग), एक फिल्टर (त्या ध्वनीचा तिखटपणा कापणारा भाग), आणि एका वेळी वाजणार एकच सूर. 2022 मध्ये मूग कंपनीने तो पुन्हा बाजारात आणला तेव्हा किंमत होती 4,999 डॉलर. त्याच रचनेची प्लगइन (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये उघडणारे सिंथ) याच्या अगदी थोड्या पैशांत मिळतात आणि त्यांवर चार-आठ सूर एकदम धरता येतात. फीचरची यादी समोर ठेवली तर सॉफ्टवेअर दरवेळी जिंकतं. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि पहिला सूर रेकॉर्ड होईपर्यंत खिशातून एकूण किती जातं, ते मांडा.

लॅपटॉप घरात असेल तर सॉफ्टवेअरचा खर्च असा: 25 किंवा 49 पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड (कोणती पट्टी दाबली एवढंच संगणकाला कळवणारा), साधा ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात नेणारी-आणणारी पेटी), हेडफोन. रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर 60 दिवस वापरून बघता येतं, वैयक्तिक परवाना 60 डॉलर. सिंथ म्हणाल तर सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड पूर्ण मोफत. व्हायटलची मूळ आवृत्ती मोफत, पुढच्या 25 आणि 80 डॉलरच्या. ध्वनी घडवणारं इंजिन तेच, वाढतात ते मुख्यतः प्रीसेट (तयार ध्वनी) आणि वेव्हटेबल (ध्वनी घडवायला लागणारे लहरींचे साठे). शिकताना मोफत आवृत्ती पुरते.

हार्डवेअरच्या किमतीत मात्र बऱ्याच गोष्टी धरलेल्या नसतात. स्टीरिओ सिंथला 6.35 मिमीच्या दोन केबल आणि दोन लाइन इनपुट असलेला इंटरफेस लागतो. परदेशातून मागवला तर कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी वेगळे, आणि इथे वॉरंटी चालेल का, हे आधीच विचारून घ्या.

आता आवाजांची संख्या. कॉर्ग मिनिलॉग या हार्डवेअर सिंथमध्ये चार व्हॉइस आहेत, म्हणजे एका वेळी चारच सूर. पाच सुरांचा कॉर्ड धरला की आधीच्यातला एक सूर तुटतो, आणि लांब रिलीज असलेल्या (पट्टी सोडल्यावरही रेंगाळणाऱ्या) पॅडमध्ये, म्हणजे पसरट, भरीव ध्वनीत, ते तुटणं स्पष्ट ऐकू येतं. शिवाय तो एका वेळी एकच पॅच (जुळवून ठेवलेला ध्वनी) वाजवतो. बेस, पॅड आणि लीड (मुख्य चाल) तिन्ही हवे असतील तर एकेक वाजवून ऑडिओ रेकॉर्ड करा, मग पुढचा पॅच लावा. प्लगइनच्या तीन प्रती उघडल्या की काम झालं. सहा महिन्यांनी प्रोजेक्ट उघडलं तरी सगळं जागच्या जागी. मिनीमूगला पॅच साठवायची सोयच नाही, तिथे नॉबचा फोटो काढून ठेवतात.

सॉफ्टवेअर अडतं ते लेटन्सीवर, म्हणजे पट्टी दाबल्यापासून सूर ऐकू येईपर्यंतच्या उशिरावर. 44.1 किलोहर्ट्झला 512 सॅम्पलचा बफर (संगणक एकदम हाताळतो तो आवाजाचा तुकडा) म्हणजे 11.6 मिलिसेकंद, 128 चा म्हणजे 2.9; ड्रायव्हर आणि कन्व्हर्टर यांचा वेळ त्यावर. वाजवताना 128 ठेवा. कडकड आवाज आला तर 256 करा. तरीही थांबला नाही तर तयार झालेले ट्रॅक फ्रीझ करा (तात्पुरते ऑडिओ करून ठेवा), आणि मिक्सिंगला 512 किंवा 1024 वर जा. विंडोजवर इंटरफेससोबत आलेला आसिओ (कमी उशिराचा) ड्रायव्हरच वापरा. डिव्हासारखं जड प्लगइन असेल तर वाजवताना त्याची अॅक्युरसी ‘ड्राफ्ट’वर आणि शेवटच्या रेंडरला ‘डिव्हाइन’वर. हार्डवेअरमध्ये हा जाच नाही: पट्टी दाबली की सूर. मंडपातल्या स्टेजवर, जिथे मधेच लॅपटॉपला अपडेट सुचू शकतं, तिथे हार्डवेअरचे पैसे वसूल होतात.

आपल्या संगीतासाठी एक मुद्दा फार मोलाचा आहे, आणि तुलनेच्या तक्त्यांत तो सहसा नसतो. तानपुऱ्याच्या षड्जाशी मिळणारा शुद्ध गंधार 386 सेंटवर (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) असतो, कीबोर्डचा 400 वर. 14 सेंटचा हा चढेपणा लांब सुरात कानाला बोचतो. सर्ज एक्सटीमध्ये स्काला फाइल (सुरांची अंतरं लिहिलेली फाइल) टाकली की प्रत्येक पट्टी हवी तिथे बसते. हार्डवेअरमध्ये कॉर्ग मोनोलॉगला मायक्रोट्यूनिंग (पट्ट्यांचे सूर सेंटांनी हलवायची सोय) आहे. बऱ्याच जुन्या सिंथना नाही, म्हणून पैसे देण्याआधी मॅन्युअलमध्ये बघा. मींडेसाठी पिच बेंड (सूर ओढणारं चाक) बहुतेक ठिकाणी दोन सेमीटोनवर लावलेला असतो. तो पाच किंवा सातवर न्या, पॅच मोनो (एका वेळी एकच सूर) ठेवा आणि लेगाटो ग्लाइड (जोडून वाजवलेल्या सुरांमध्ये घसरत जाणं) चालू करा. पॉली (अनेक सुरांच्या) पॅचवर बेंड व्हील धरलेले सगळे सूर एकदम ओढतं.

टिकाऊपणात दोघांची दुखणी वेगळी. 2019 च्या मॅकओएस कॅटालिनाने 32-बिट सॉफ्टवेअर चालवणं बंद केलं आणि नवी आवृत्ती न निघालेली प्लगइन एका अपडेटमध्ये गेली. म्हणून प्रोजेक्ट संपलं की प्रत्येक ट्रॅकचा ऑडिओ काढून ठेवा. 1983 चा यामाहाचा डीएक्स7 सिंथ पाच पिनच्या मिडी केबलने आजच्या इंटरफेसलाही जोडता येतो. मात्र आत सोल्डर केलेली बॅटरी संपली की त्याचे पॅच पुसले जातात. आधी ते सिसेक्स फाइलमध्ये (मिडीवरून पॅच पाठवायचं स्वरूप) उतरवून घ्या, डीएक्स7 ची नक्कल करणाऱ्या डेक्स्डमध्येही चालतात.

जुना जुनो-106 (रोलंडचा सहा व्हॉइसचा सिंथ) घेत असाल तर वीस मिनिटं चालू ठेवा, फिल्टर पूर्ण उघडा, पॉली 1 मोडमध्ये एकच पट्टी सहा वेळा दाबा. दर दाबाला पुढचा व्हॉइस वाजतो, त्यामुळे सहापैकी एखादा मुका, हळू किंवा खरखरता निघाला तर लगेच सापडतो. दोष बहुधा 80017ए या चिपचा असतो, आणि तिचा खर्च किमतीतून वजा करून मागा. प्लग लावण्याआधी मागचं लेबल वाचा: जपानी बाजारातला तुकडा 100 व्होल्टचा असतो, 230 व्होल्टवर थेट लावला तर जळेल. त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही हिशेबात धरा.