थांबताना आणि निघताना खालून ‘टक्क’ आवाज – शेवटी सापडलं

जुनी फोर बाय फोर गाडी आहे, थांबली की अर्ध्या सेकंदाने खालून टक्क, क्लच सोडला की परत टक्क. दोन्ही क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे) बदलले, गिअरबॉक्सचं माउंटिंग बदललं, फरक शून्य. दोन महिने अक्षरशः डोकं पिकलं.

दोष होता मागच्या प्रॉपेलर शाफ्टच्या (मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) स्लिप जॉइंटमध्ये, म्हणजे त्याची लांबी कमी-जास्त होऊ देणाऱ्या सरकत्या सांध्यात, ग्रीस सुकल्यामुळे स्प्लाइन (सांध्यातले लांब दात) सरकायच्या ऐवजी अडकून झटक्याने सुटत होत्या.

आधी चाकांना पुढून-मागून दगड लावा, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्यावर) असतो, मागचा शाफ्ट काढला की तो चाकं धरत नाही. मग फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडायच्या चकतीवर) आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर पेंटने खूण, हे चुकवू नकाच, जॉइंट फिरून बसला तर दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत राहत नाहीत आणि गाडी थरथरते. बोल्ट काढून शाफ्ट खाली घेतला, जॉइंट ओढून वेगळा केला, आत काळं, मेणासारखं घट्ट ग्रीस, नखाने खरवडावं लागलं. डिझेलने धुतलं, सुकवलं, दातांवर नवीन ग्रीसचा पातळ थर दिला. ठासून भरू नका, शाफ्टला आत सरकायला जागाच उरत नाही. खुणा जुळवून बसवला, बोल्ट समोरासमोरचे असे क्रमाने आवळले.

पहिल्याच चक्करला आवाज गायब. आता दर ५,००० किलोमीटरला जॉइंटच्या निपलमधून (ग्रीस भरायच्या तोंडातून) ग्रीसगनचे दोन स्ट्रोक देतो.