हाताने दागिने करताय? मग या चुका टाळा (सगळ्यात आधी ती कडीवाली)

सोलापुरात लग्नसराईत माझ्याकडे दुरुस्तीला जे येतं त्यात जुने सोन्या-चांदीचे दागिने कमी आणि कुणीतरी हौसेने केलेले, प्रदर्शनात किंवा इन्स्टावरून घेतलेले हँडमेड दागिने जास्त असतात. मणी चांगले, रंग चांगले, फोटो तर विचारूच नका, आणि मोडलेलं असतं ते दरवेळी जोडावर. पुढून सगळे बघतात ओ, पाठ उलटून कुणी बघत नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी काही करायला देत नाही, फक्त घरातली आजीची ठुशी नाहीतर बोरमाळ आणा म्हणते आणि ती पालथी करून अर्धा तास बघायला लावते, दोरा कुठून गेलाय, गाठ कुठे लपवलीय, शेवटची कडी कशी मिटवलीय. निम्मी पोरं दुसऱ्या क्लासला येतच नाहीत. त्यांना आल्या दिवशी झुमके पाहिजे असतात.

जंप रिंग ओढून उघडणं

यावर मी कितीही बोलू शकते. जंप रिंग, म्हणजे ती छोटी गोल कडी, लोक दोन्ही टोकं धरून डावी-उजवीकडे फाकवतात. एकदा तशी फाकवली की ती अंडाकृती होते आणि मग कितीही दाबा, टोकं समोरासमोर येत नाहीत, बारीक फट राहतेच, आणि त्या फटीतून आधी दोरा निसटतो, मग पेंडंट. उघडायची पद्धत अशी, दोन पकडी घ्यायच्या, एक टोक आपल्याकडे आणि दुसरं लांब असं आडवं सरकवायचं, गोल आकाराला धक्का लावायचा नाही. मिटवताना तसंच उलटं, फक्त टोकं एकमेकांच्या जरा पुढे नेऊन परत आणायची, म्हणजे तार स्वतःच्या ताकदीने घट्ट बसते आणि हाताला हलकं टिक्क जाणवतं. मग जोडावरून नख फिरवायचं. नख अडकलं तर परत उघडा. मी प्रत्येक कडीवर नख फिरवते, टीव्ही बघताना सुद्धा, आता सवयच झालीय.

एका दिवाळीच्या आधी मंगल कार्यालयात प्रदर्शन होतं, माझ्या शेजारी माझ्याकडेच शिकलेल्या एका मुलीचा स्टॉल. हात फार सुंदर आहे तिचा, सोलापुरी चादरीचे रंग घेऊन लाल-निळ्या दोऱ्यात गोंडे बांधले होते आणि मधे पितळेचं जड पेंडंट. पण वेळ कमी पडला म्हणून कड्या बाजारातून आणलेल्या तयार, पातळ, केसाएवढ्या म्हटलं तरी चालेल, आणि त्या सुद्धा फाकवून लावलेल्या. शहराच्या पूर्व भागातल्या एक अक्का आल्या, हार गळ्यात घातला, आरशात बघायला खाली वाकल्या आणि पेंडंट टणकन फरशीवर पडून घरंगळत गेलं ते थेट पलीकडच्या शेंगा चटणीच्या स्टॉलखाली. अक्का चांगल्या होत्या, हसून म्हणाल्या, "पोरी, पैसे द्यायच्या आधीच निघालं की गं." आणि आमच्या या पोरीने काय करावं? पर्समधून ग्लूची ट्यूब काढली! मी ती हातातून काढून घेतली. मग आम्ही दोघी स्टॉलच्या मागे सतरंजीवर बसून एकेका हाराच्या कड्या बदलत बसलो, माझ्याकडच्या जाड तारेच्या, आणि ती पूर्ण दुपार समोरून गिऱ्हाईक येत होतं आणि जात होतं. तिला त्या दिवशी जे कळलं ते मी क्लासमध्ये आठ वेळा सांगितलेलं होतं, असो.

तयार कड्यांचं पाकीट स्वस्त पडतं हे मला पण माहीत आहे. पण त्यातल्या बऱ्याच कड्या मुळात वाकड्या कापलेल्या असतात, टोकं तिरकी, त्या कधीच नीट मिटत नाहीत. मी सळईवर तार गुंडाळून बारीक करवतीने कापते. वेळ जातो. जाऊ दे.

गेज विचारून तार आणणं

याच्यातच दुसरी गंमत आहे. गेज म्हणजे तारेच्या जाडीचा नंबर. शिकवायच्या व्हिडिओत बाई सांगते, कानातल्या हुकला २० गेजची तार घ्या. तिचं २० गेज अमेरिकन मापाचं असतं, म्हणजे ०.८१ मिमी. आपल्याकडे तारेच्या दुकानात २० गेज मागितलं की बहुतेक वेळा ब्रिटिश मापाची तार हातात पडते, ती ०.९१ मिमी. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण कानाच्या भोकात तो चांगला कळतो, गिऱ्हाईक म्हणतं हुक जाईना, आणि आपण म्हणतो तुमचं भोक लहान आहे. गेज विसरून जा, मिमीमध्ये बोला, आणि एक व्हर्निअर, म्हणजे जाडी मोजायचं माप, घेऊन ठेवा. माझा व्हर्निअर पकडींच्या डब्यात असतो आणि दुकानदारासमोर काढला की दुकानदार सुद्धा जरा जपून तार तोडतो.

हुक वळवून झाला की ऐरणीवर ठेवून हातोडीने हलके ठोके द्यायचे हे पण लोक सोडतात. ठोकल्याने तार कडक होते, नाहीतर दोनदा घातल्यावर हुक सरळ होऊन हातात येतो. आणि टोक घासा ओ! न घासलेलं टोक कानाला टोचतं आणि साडीच्या पदराला लागतं ते वेगळंच.

ग्लू

झटपट चिकटणारं ग्लू मोत्याजवळ नेऊ नका. सुकताना त्याच्या वाफेचा पांढरा थर आजूबाजूला बसतो, पॉलिश मेलेलं दिसतं, आणि वर जोड ठिसूळ, एक झटका बसला की सुटला. ग्लू गन तर सोलापुरात वापरूच नका, मे महिन्यात ४२-४३ डिग्रीला बंद गाडीत ठेवलेले झुमके ग्लू मऊ पडून वेगळे झालेले मी बघितलेत. चिकटवायचंच असेल तर दोन ट्यूबवालं इपॉक्सी, नीट मोजून, चोवीस तास हात न लावता. चोवीस तास म्हटलं की लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

जर्मन सिल्व्हर म्हणजे चांदी समजणं

त्यात चांदी नसते. तांबं, निकेल आणि जस्त, बस. पेंडंटला चालेल, पण हुक त्याचा करू नका, निकेलने कित्येकींचे कान खाजतात, पिकतात, पाणी येतं. युरोपात तर भोकात जाणाऱ्या दागिन्यातून किती निकेल बाहेर पडलेलं चालेल याची कायद्याने मर्यादा आहे, दर आठवड्याला एका चौरस सेंटिमीटरमागे ०.२ मायक्रोग्रॅम. आपण मात्र "अँटी-अ‍ॅलर्जी" लिहून मोकळे. कानात जाणारा भाग चांदीचाच ठेवा, चार पैसे जास्त लावा, गिऱ्हाईक कुरकुर करेल पण परत येईल.

डाखेच्या मागे आग घेऊन पळणं

आता हे दुसरं लांबलचक. डाख म्हणजे जोड सांधायला वितळवून लावतात तो धातू. आजकाल ऑनलाइन छोटा गॅस टॉर्च मिळतो आणि तो घरी आला की माणसाला आपण सोनार झाल्यासारखं वाटतं. एक पोरगा आला होता, इंजिनिअरिंगचा, हुशार, माझ्यापेक्षा जास्त व्हिडिओ बघितलेला. ९२५ चांदीची (हजारात ९२५ भाग चांदी, बाकी तांबं) अंगठी करायची होती. पट्टी वळवली, दोन टोकं आणली जवळ, पण मधून उजेड दिसत होता. मी म्हटलं घासून जुळवून घे. तो म्हणाला, "मॅडम, डाख भरेल की ती फट." नाही भरत. डाख फट भरायला नसतेच, ती दोन भिडलेल्या पृष्ठभागांच्या मधे शिरते. बरं, त्याने टॉर्चची ज्योत धरली थेट डाखेच्या तुकड्यावर. डाखेची गोळी झाली, इकडून तिकडे पळायला लागली, हा तिच्या मागे ज्योत घेऊन, आणि चांदी थंडच. मग वैतागून ज्योत मोठी केली, एकाच जागी धरली, आणि बघता बघता अंगठीची एक बाजू चकाकली, सुरकुतली आणि खाली बसली. त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. मी फक्त गॅस बंद केला.

मुळात जागाच कमी असते. शुद्ध चांदी ९६२ डिग्रीला वितळते, ९२५ मध्ये तांबं असल्यामुळे ती त्याच्या बऱ्याच आधी ढिली पडायला लागते, आणि डाख वाहते ती तिच्याही थोडंसंच आधी. म्हणून सगळा दागिना सारखा तापवायचा, ज्योत फिरती ठेवायची, डाखेकडे बघायचंच नाही, धातू तापला की डाख आपोआप उष्णतेच्या दिशेने ओढली जाते. त्याआधी जोड स्वच्छ, बोटांचं तेल नको, आणि टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात कालवून लावलेला. टाकणखार विसरला तर तांबं काळं पडतं आणि काळ्यावर डाख चढत नाही, मग कितीही आग लावा.

आणि हे गच्चीवर करू नका. लोक धूर नको म्हणून दुपारी गच्चीवर बसतात, आपल्याकडच्या त्या उन्हात धातू मंद लाल झाला की नाही हे दिसणारच कसं? रंगावरच तर सगळा अंदाज असतो. मी खिडकी उघडी ठेवून पण पडदा ओढून, सावलीत करते, पंखा बंद. घाम येतो, चालतंय.

डाख लावून झाल्यावर काळं निघायला मी तुरटीच्या गरम पाण्यात टाकते. त्या पाण्यात लोखंडी चिमटा बुडवायचा नाही! पाण्यात उतरलेलं तांबं चांदीवर चढतं आणि दागिना गुलाबी होऊन बाहेर येतो. बांबूच्या काड्या वापरा, हॉटेलातून चायनीजबरोबर येतात त्या चालतात.

ज्यांना एवढा धीर नाही त्यांनी डाख लावूच नये, आणि यात कमीपणा काही नाही. अलेक्झांडर काल्डर, तोच हलती शिल्पं करणारा अमेरिकन शिल्पकार, त्याने आयुष्यात १८०० च्या आसपास दागिने केले, पितळेची आणि चांदीची तार हातोडीने ठोकून, वळवून, आणि डाख जवळजवळ कुठे नाहीच. जोड तारेने गुंडाळलेले नाहीतर रिव्हेट (ठोकून बसवलेली खिळी) मारलेले, आणि ते लपवलेले पण नाहीत, तेच डिझाइन आहे. त्याच्या कामाचे फोटो झूम करून बघा, हाराकडे नाही, जोडांकडे.

पिंटरेस्टवरून इन्स्पिरेशन

मला विचारतात, ताई डिझाइन कुठून सुचतं. मी म्हणते घरात चादर आहे का? सोलापुरात राहून हा प्रश्न म्हणजे काय. पण बघायची म्हणजे जवळून, नाक लावून. चादरीवरचा मोर जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेला असतो, त्याच्या मानेला गोलाई नाहीच, बारीक पायऱ्या आहेत, एक धागा वर एक धागा बाजूला. लोक काय करतात, गुगलवरचा गुळगुळीत मोर उचलतात, पेंडंटवर छापतात आणि खाली लिहितात सोलापुरी कलेक्शन. अरे त्या पायऱ्या हीच तर त्याची ओळख आहे, आणि मणी विणायच्या छोट्या मागावर त्या जशाच्या तशा उतरतात, कारण मणी पण ओळीत आणि रांगेतच बसतात.

फक्त तिथे एक खोड आहे. मण्याची लांबी आणि जाडी सारखी नसते, त्यामुळे गणिताच्या चौकोनी वहीवर काढलेला मोर विणल्यावर एकतर उंच ताणला जातो नाहीतर बसका होतो. आधी दहा मणी बाय दहा मणी असा तुकडा विणा, पट्टीने मोजा, आणि त्या मापाचे चौकोन आखून मग मोर काढा. हे सांगितलं की "थेट सुरू केलं तर नाही का चालणार?" चालेल की, मोराचा बगळा होईल.

बिदर आपल्यापासून फार लांब नाही, त्यामुळे बिदरीची नक्कल पण भरपूर दिसते. अ‍ॅल्युमिनियमला काळा रंग, वर चंदेरी मार्कर, आणि नाव बिदरी. खरं बिदरी म्हणजे साधारण सोळा भाग जस्त आणि एक भाग तांबं यांचा ओतीव धातू, त्यात खोदून बसवलेली चांदी, आणि मग बिदरच्या किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून त्यात बुडवायचं, धातू काळा होतो, चांदी पांढरीच राहते. ते काळं-पांढरं आवडलं असेल तर चांदीवर स्वतःचं काही करा आणि स्वतःचं नाव द्या. चांदी काळी करायला महाग केमिकल पण नको, उकडलेलं अंडं गरम असताना कुस्करून डब्यात टाका, शेजारी दागिना, झाकण घट्ट, त्यातलं गंधक काम करतं. खडे-मोती बसवायच्या आधी करा मात्र. मोत्यासकट डब्यात टाकलेली एक नथ माझ्याकडे आली होती, पुढचं सांगत नाही.

बाकीच्या, पटापट

मोत्यांच्या मधे गाठी न मारता सरळ ओवू नका, दोरा तुटला तर सगळेच सांडतात. पटवेकरी (दागिने ओवून-गाठवून देणारे) गाठवतात ते एकदा शेजारी बसून बघा, ते हाकलत नाहीत.

गिअर वायरचा (मणी ओवायच्या बारीक तारेचा) क्रिम्प, म्हणजे टोक पक्कं करायचा छोटा धातूचा मणी, साध्या पकडीने चपटा करू नका, त्याची कड वायर कापते. क्रिम्पची वेगळी पकड येते.

पॉलिश पेपर ४०० वरून थेट १२०० वर उडी मारली तर आधीचे ओरखडे तसेच राहतात, ८०० पण घ्या.

टूथपेस्टने चांदी घासू नका, बारीक चरे पडतात. रिठ्याचं पाणी आणि मऊ ब्रश.

आणि नवीन डिझाइन विकायला ठेवायच्या आधी स्वतः घालून आठवडाभर फिरा, दुचाकीवर, ओढणी बांधून, स्कार्फ काढ-घाल करत. सात रस्त्याच्या सिग्नलला हेल्मेट काढताना जे कानातलं अडकतं त्याचा हुक परत वळवायला घ्या.