भटकंतीच्या पायवाटांवरील सार्वजनिक स्वच्छतागृहे: देखभाल करताना या चुका टाळा

पायवाटेच्या कडेला उभ्या असलेल्या स्वच्छतागृहाची देखभाल इमारतीतील स्वच्छतागृहापेक्षा निराळी असते. तेथे बहुधा वीज नसते, नळाचे पाणी नसते, आणि सफाई कर्मचाऱ्याला झाडू, बादली व औषधे उचलून चालत जावे लागते. आठवडाभर तेथे कोणी फिरकत नाही आणि सुटीच्या दिवशी दारापुढे रांग लागते. एकदा आत पाऊल टाकताच नाक दाबावे लागले, की पुढची माणसे झुडपांमागे जाऊ लागतात, आणि ती घाण पहिल्याच पावसात जवळच्या ओढ्यात उतरते. त्यामुळे या स्वच्छतागृहांची स्वच्छता ही पाण्याच्या आणि आरोग्याच्या रक्षणाची बाब आहे. बहुतेक ठिकाणी सफाई होतच नाही असे नाही. ती मनापासून होते, पण चुकीच्या पद्धतीने होते, आणि म्हणून कष्ट वाया जातात.

दुर्गंधी येताच सुगंधी द्रव्य फवारणे

वास येऊ लागला की फिनेल शिंपडणे, डांबर गोळ्या टांगणे किंवा सुगंधी फवारा मारणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. दोन वास एकमेकांत मिसळतात आणि मूळ कारण जागेवरच राहते. वास नेमका कशाचा आहे, हे आधी ओळखावे. डोळ्यांना झोंबणारा तिखट वास अमोनियाचा असतो. मूत्रातील युरियाचे जिवाणूंमुळे विघटन होऊन तो तयार होतो, आणि त्याचा उगम बहुधा टाकीत नसून फरशीत, भिंतीच्या खालच्या वीतभर भागात आणि आसनाच्या बुडाशी असतो. सडक्या अंड्यासारखा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, आणि तो टाकीतून किंवा सांडपाण्याच्या नळीतून वर येत असतो. पहिल्या प्रकारात घासणे हा उपाय आहे, दुसऱ्या प्रकारात हवेचा मार्ग तपासणे. दोन्ही ठिकाणी एकच बाटली ओतल्याने काही साधत नाही.

अमोनियाचा वास रोज धुऊनही जात नसेल, तर फरशीचे काँक्रीट उघडे आहे का ते पाहावे. मुलामा नसलेले काँक्रीट आणि फरश्यांमधील सांधे मूत्र शोषून घेतात, व उन्हाने जागा तापली की तोच वास पुन्हा वर येतो. अशी फरशी विकरयुक्त (एन्झाइम असलेल्या) द्रावणाने भिजवून, बाटलीवर सांगितलेला वेळ तशीच ठेवून, मग धुवावी. पूर्ण वाळल्यावर तिच्यावर इपॉक्सीसारखा पाणी न शोषणारा थर चढवावा. हा खर्च एकदा करावा लागतो, पण त्यानंतर रोजची घासाघीस कमी होते.

हवेचा मार्ग नकळत बंद करणे

पाण्याविना चालणाऱ्या, खाली बंदिस्त टाकी असलेल्या स्वच्छतागृहात दुर्गंधी रोखण्याचे जवळजवळ सारे काम हवा करते. टाकीपासून निघून छताच्या वर जाणारी उभी नळी वाऱ्याने आणि उन्हाच्या तापाने हवा वर ओढते. त्या ओढीमुळे खोलीतील ताजी हवा भिंतीच्या झरोक्यातून आत येते, आसनाच्या छिद्रातून टाकीत उतरते आणि नळीवाटे बाहेर पडते. झिंबाब्वेमध्ये 1970च्या दशकात पीटर मॉर्गन यांनी ब्लेअर संशोधन प्रयोगशाळेत विकसित केलेले हवेशीर खड्डा शौचालय याच तत्त्वावर उभे आहे. त्यांनी नळीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली आणि आतली खोली अंधारी ठेवली. टाकीतील माश्या नळीच्या वरच्या टोकाकडून येणाऱ्या प्रकाशाकडे उडतात आणि जाळीपाशी अडकून मरतात.

देखभाल करणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर चांगल्या हेतूने केलेली गोष्टही उलटते. भिंतीच्या झरोक्यापुढे साहित्याची खोकी रचली जातात. थंडीत झरोके कापडाने बुजवले जातात. खोली उजळ व्हावी म्हणून समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या पाडल्या जातात, आणि आरपार वाहणारा वारा टाकीतील हवा नळीऐवजी खोलीत ओढतो. छतावर फिरणारा पंखा बसवणे ही तर फारच सामान्य चूक आहे. तो खोलीतील हवा उपसतो, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी टाकीतील वायू आसनातून वर येतो.

हे तपासण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नाही. दार नेहमीप्रमाणे लावून घ्यावे, आसनाचे झाकण उघडावे आणि टिश्यू कागदाची बोटभर रुंदीची पातळ पट्टी छिद्राच्या कडेशी धरावी. पट्टी खालच्या बाजूला ओढली गेली तर रचना नीट काम करीत आहे. पट्टी स्थिर राहिली किंवा चेहऱ्याकडे उचलली गेली, तर हवा थांबली आहे किंवा उलट वाहत आहे. या तपासणीसाठी उदबत्ती, मेणबत्ती किंवा काडी मुळीच वापरू नये, कारण टाकीत मिथेन हा पेट घेणारा वायू साचलेला असू शकतो.

पट्टी उलट गेल्यास पहिली नजर नळीच्या वरच्या टोकावरील जाळीकडे टाकावी. कोळ्यांची जाळी, वाळलेली पाने आणि मेलेल्या माश्यांचा थर यांनी ती अनेकदा पूर्ण बुजलेली आढळते, आणि जमिनीवरून ते दिसतही नाही. मात्र अडथळा होतो म्हणून जाळी काढून टाकू नये. ती नसेल तर माश्यांचा मार्ग मोकळा होतो, शिवाय झाडांच्या ढोल्यांत राहणारी घुबडांसारखी पाखरे नळीला ढोली समजून आत उतरतात आणि त्यांना पुन्हा वर येता येत नाही. जाळी स्वच्छ असेल, तर नळीची उंची पाहावी. ती छताच्या सर्वांत उंच भागापेक्षा किमान अर्धा मीटर वर असावी, आणि वाढलेल्या फांद्यांनी तिचा वारा अडवलेला नसावा.

फ्लश असलेल्या स्वच्छतागृहात हेच दुखणे वेगळ्या वाटेने येते. बरेच दिवस वापर नसला, की फरशीवरील नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवण्यासाठी नळीच्या वाकलेल्या भागात साठलेले, पाणी आटते आणि नळीतला वायू थेट खोलीत येतो. अशा वेळी तेथे बादलीभर पाणी ओतणे एवढेच पुरते.

टाकीत पाणी आणि जंतुनाशक ओतणे

पाइप लावून फरशीवर पाण्याचा जोरदार मारा करणे आणि ते सारे पाणी आसनातून टाकीत ढकलणे ही सवय मोडायला कठीण असते, कारण त्यानंतर जागा लखलखीत दिसते. पण बंदिस्त टाकी मैल्यासाठी असते; धुण्याचे पाणी तिच्यात गेले, की मैला उपसणारी गाडी कितीतरी आधी बोलवावी लागते, आणि दुर्गम वाटेवर तीच सर्वांत खर्चिक बाब असते. जोराच्या फवाऱ्याने घाणीचे सूक्ष्म तुषारही हवेत उडतात. बादलीतले मोजके पाणी, लांब दांड्याचा ब्रश आणि नीट पिळलेला पोछा यांनी हेच काम सुरक्षितपणे होते.

मैल्याचे खत करणाऱ्या शौचालयात तर जंतुनाशक टाकूच नये. तेथे जिवाणू आणि बुरशी हेच कामकरी आहेत. ब्लीचने ते मरतात आणि जादा पाण्याने हवा कोंडून कुजण्याची प्रक्रिया बिघडते. त्या शौचालयात वास वाढला असेल, तर तो बहुधा ओल जास्त झाल्याचे लक्षण असतो, आणि लाकडाचा भुसा किंवा कोरडा पालापाचोळा वाढवून तो कमी होतो.

टाकीत कोणाची वस्तू पडली, तर ती वरूनच लांब चिमट्याने काढावी. आत उतरण्याचा विचारही कोणी करू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की तो वास घेण्याची शक्तीच बधिर करतो, आणि धोका जाणवण्यापूर्वी माणूस बेशुद्ध पडतो. बंदिस्त टाक्यांनी असे अनेक जीव घेतले आहेत, आणि वाचवायला गेलेलेही त्यांत दगावले आहेत.

न घासता ब्लीच मारणे, आणि ते मिसळणे

क्लोरीनचे जंतुनाशक घाणीवर काम करीत नाही. घाणच त्याचा जोर संपवून टाकते. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने घासून धुवावे आणि मगच जंतुनाशक लावावे. नेहमीच्या वापरासाठी 0.1 टक्का द्रावण पुरते. बाटलीवर 5 टक्के लिहिलेले असल्यास 1 भाग ब्लीच आणि 49 भाग पाणी हे प्रमाण धरावे. उलटी किंवा जुलाबाची घाण झालेल्या जागी 0.5 टक्का, म्हणजे 1 भाग ब्लीच आणि 9 भाग पाणी घ्यावे. पाणी थंडच असावे, द्रावण रोज ताजे करावे, आणि लावल्यावर पृष्ठभाग किमान 10 मिनिटे ओला राहू द्यावा. फवारून लगेच पुसून घेणे ही घाईतली चूक आहे. अशाने जंतू मरत नाहीत, फक्त क्लोरीनचा वास मागे राहतो आणि सफाई झाल्याचा भास होतो.

पिवळा थर काढण्यासाठी अ‍ॅसिड वापरले असेल, तर त्याच वेळी ब्लीच लावू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. साचलेल्या मूत्रावर किंवा अमोनियायुक्त द्रावणावर ब्लीच ओतल्यास क्लोरामाइनची वाफ निघते. लहानशा, झरोक्याएवढी हवा असलेल्या खोलीत एकट्याने काम करणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी हे जिवावर बेतू शकते. हे त्याला कामावर येण्याच्या पहिल्याच दिवशी समजावून सांगणे, आणि गमबूट, हातमोजे व डोळ्यांवरचा चष्मा देणे, ही नेमणूक करणाऱ्याची जबाबदारी आहे.

कोरडा झाडू आणि उलटा क्रम

रानातल्या बंद खोलीत उंदरांच्या लेंड्या सापडतात. त्या कोरड्या झाडल्या तर धूळ उडते आणि श्वासावाटे शरीरात जाते. काही प्रदेशांत हंता विषाणूचा संसर्ग याच मार्गाने होतो. दार उघडून हवा खेळू द्यावी, लेंड्यांवर जंतुनाशक टाकून त्या पूर्ण भिजवाव्यात, 5 मिनिटे थांबावे आणि मग कागदाने उचलाव्यात.

सफाई वरून खाली आणि स्वच्छ भागाकडून घाणेरड्या भागाकडे व्हावी. दाराची कडी, आधाराचा दांडा आणि नळ हे भाग सर्वांच्या हाताला लागतात, पण नेमके तेच विसरले जातात, किंवा आसन पुसलेल्याच फडक्याने शेवटी पुसले जातात. आसनासाठी एका रंगाचे आणि हाताला लागणाऱ्या भागांसाठी दुसऱ्या रंगाचे फडके ठरवून दिले, की हा घोटाळा होत नाही.

हात धुण्याची अर्धवट सोय

साबणाच्या डब्यात थोडा साबण उरला असताना वरून नवा ओतत राहिल्यास त्या ओलसर डब्यात जिवाणू वाढतात, आणि हात धुणारा माणूस तेच हातावर घेतो. डबा रिकामा होऊ द्यावा, धुऊन वाळवावा, मगच भरावा. पाणी नसलेल्या ठिकाणी किमान 60 टक्के अल्कोहोल असलेले सॅनिटायझर ठेवावे. परंतु मातीने माखलेल्या हातांवर ते नीट काम करीत नाही, आणि जुलाब-उलट्या घडवणाऱ्या नोरोव्हायरसवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. शक्य असेल तेथे पायाने दाबून चालणारी, छोट्या डब्याची पाण्याची सोय अधिक चांगली.

कचऱ्याची सोय न करता फलक लावणे

“टाकीत कचरा टाकू नये” असा फलक लावून कचरापेटी मात्र ठेवायची नाही, ही व्यवस्थेची चूक आहे. पुसण्याचे ओले कागद (वेट वाइप्स), लहान मुलांचे डायपर, सॅनिटरी नॅपकिन आणि बाटल्या टाकीत जातात. त्या विरघळत नाहीत आणि उपसणाऱ्या गाडीची नळी तुंबते. आसनाजवळ हात पोहोचेल अशा अंतरावर झाकणाची छोटी पेटी ठेवावी. वन्यप्राणी येत असतील, तर तिची कडी त्यांना उघडता येणार नाही अशी असावी.

सर्व दिवसांना एकच वेळापत्रक

दर मंगळवारी सफाई, असे ठरवणे सोयीचे असते, पण शनिवार-रविवारची घाण मग सोमवारभर तशीच राहते. सफाई तारखेवर नव्हे, वापरावर ठरवावी. दारावर साधा गणक बसवला, की किती माणसांनंतर जागा घाण होते, किती दिवसांत कागद संपतो आणि टाकी कोणत्या महिन्यात वेगाने भरते, हे काही आठवड्यांतच कळते. टाकी पाऊण भरताच गाडी बोलवावी, कारण पावसात रस्ता बंद झाला तर उरलेली जागाच कामी येते. आणि दाराच्या आतल्या बाजूला तक्रारीचा क्रमांक व त्या स्वच्छतागृहाचा ओळख क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहावा. रेंज नसलेल्या वाटेवरही माणूस तो लक्षात ठेवतो किंवा त्याचा फोटो काढतो, आणि खाली उतरल्यावर कळवतो.