ऑपरेशन पोटाचं, पण दुखतोय घसा

गेल्या पावसाळ्यात माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून, आणि शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा घसाच जास्त ठणकायला लागला. मला वाटलं ऑपरेशन थिएटरमधल्या एसीने सर्दी झाली. राउंडला डॉक्टर आले तेव्हा कळलं की पूर्ण भूल दिली की बहुतेकदा श्वासाची नळी तोंडातून स्वरयंत्रामधून खाली घालतात, तिच्या टोकाशी छोटा फुगा असतो तो फुगवतात म्हणजे हवा बाजूने निसटत नाही, आणि या सगळ्याने घसा आतून खरचटतो, सुजतो. बहुतेकांचं दोन-तीन दिवसांत आपोआप बरं होतं.

तोवर काय करायचं? सिस्टरने तोंडाने घ्यायला परवानगी दिली की घोट घोट पाणी प्या. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा, पण पोटाला टाके असतील तर मान मागे टाकून जोरात घर्र घर्र नको, मी केलं आणि डोळ्यांत पाणी आलं, मग उशी पोटाशी धरून हळूच करायला लागलो. जेवायला पेज, मऊ खिचडी घ्या; टोस्ट-चिवडा सध्या राहू दे. आवाज बसला असेल तर कुजबुजून बोलू नका, त्याने स्वरयंत्रावर उलट ताण येतो. डोंबिवलीहून मावशीचा फोन आला तर सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करा, तिला राग आला तरी चालेल. आणि पावसाळ्यात मुंबईची हवा आधीच ओली, त्यामुळे वाफेसाठी पातेली घेऊन धडपडू नका, दुखण्याच्या गोळ्यांनी चक्कर येऊ शकते, गरम पाणी अंगावर सांडेल.

गोळ्यांचं मात्र नीट बघा. क्रोसिन काय नि डोलो काय, आत पॅरासिटामॉलच. डिस्चार्ज कार्डावर आधीच ते लिहिलेलं असेल तर घशासाठी वेगळी घेऊ नका. ब्रुफेन, ॲस्पिरिन डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच, रक्तस्राव वाढू शकतो.

श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतोय, दम लागतोय, थुंकीही गिळता येत नाही, मान सुजली, ताप आला किंवा थुंकीतून बरंच रक्त पडतंय तर फोनाफोनी करत बसू नका, ताबडतोब कॅज्युअल्टी गाठा. आवाज दोन आठवड्यांनी पण घोगराच असेल तर कान-नाक-घसावाल्याला दाखवा.

आणि पुढच्या वेळी ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञाला मागच्या वेळचा घसा सांगा, हलणारा दात, कवळी, सिगरेट पण. बायको शेजारी उभी असेल तरी सिगरेट खरीच सांगा.